किटो सुरू करताय? आधी भाकरीचं पीठ तोला

पहिलं काम स्वयंपाकघरातलं. साधा डिजिटल काटा आणा आणि घरी एका भाकरीला जेवढं पीठ लागतं तेवढं त्याच्यावर ठेवा. आमच्याकडं 65 ग्रॅम भरलं. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात कर्बोदकं 70 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत साधारण 45. किटोत, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि तूप-तेल जास्त अशा आहारात, दिवसभराची मुभा 20 ते 50 ग्रॅम. आई परातीत पीठ मळता मळता हे ऐकत होती. "म्हंजे एका भाकरीत तुझा दिवस सरला. मग जेवणार काय, काटा?" तिचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर हाताशी असल्याशिवाय भाकरी बंद करू नका.

मी उत्तर न शोधताच बंद केली आणि वाटीभर पिठलं नुसतंच खायला लागलो. बेसनात निम्म्याहून जास्त कर्बोदकंच असतात, हे आठवड्यानं कळलं. तुरीच्या डाळीचंही तेच आणि येसर तर भाजलेल्या धान्य-डाळींचं पीठच, त्यामुळं वरण आणि येसराची आमटीसुद्धा मोजूनच घ्यावी लागते. दिवसाचे चार चहा असतील तर त्यातली साखर आधी आठ-दहा दिवस कमी करत आणा. एका चमच्याला 4-5 ग्रॅम, तेव्हा चार कपांतच निम्मा कोटा संपतो.

खरं तर काट्याच्याही आधी डॉक्टर. हा आहार वजनासाठी निघालाच नव्हता. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फेफरं येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. तेव्हा त्याला औषधासारखाच मान द्या. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि डोस तसाच ठेवून भाकरी सोडली, तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका निराळाच. साखर फार वाढलेली दिसत नाही, तरी रक्तात आम्ल साठत जातं आणि थेट आयसीयूची वेळ येऊ शकते. बीपीच्या गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो. किडनीचा, स्वादुपिंडाचा किंवा पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास असेल, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय हा नाद नको. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लिव्हरच्या तपासण्या करून कागद फाइलीला लावून ठेवा.

मग कॅलेंडर बघा. मी सुरुवात केली ती नेमकी येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात होणाऱ्या आमच्याकडच्या सणाच्या, आठ दिवस आधी. शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसलेली, पानात भज्जी, बाजरीचे उंडे, आणि आंबिलाचा तांब्या घेऊन चुलता उभा. तिथं "मी किटोवर आहे" म्हणायला तोंडच उघडत नाही. उघडलं ते आंबिल प्यायलाच. आता माझं मत असं की दिवाळी आवरली की लगेच सुरू करावं, म्हणजे येळवशीपर्यंत जवळपास दोन महिने मिळतात. करडईची कोवळी भाजी, मेथी, वांगी तेव्हाच बाजारात स्वस्त असतात. एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका. किटोच्या सुरुवातीला लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं, आणि वर आपल्याकडचं 42 अंशांचं ऊन.

बाजारहाट सगळ्यात सोपी. मराठवाड्याला तेलबियांची सवय जुनीच आहे. घाण्यावरचं करडईचं तेल, घरचं तूप, लोणी, तीळ, कारळाची चटणी. जवसाची चटणी तर हक्काची, कारण जवसातली कर्बोदकं जवळजवळ सगळी न पचणारा तंतूच असतात. शेंगदाण्यावर मात्र जरा डोळा ठेवा. शंभर ग्रॅमला 16 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात आणि आपण प्रत्येक भाजीत मूठभर कूट टाकतो. अंडी, मटण, चिकन खाणाऱ्याला फारसा प्रश्न नाही. माळकऱ्याच्या घरात पनीर, दही, सोयाबीन, ओलं खोबरं यांवर भागवावं लागतं, आणि एकादशीला साबुदाणा, भगर, रताळं ही तिन्ही बाद. घरातल्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन उपासाच्या दिवशी तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम खिचडी केलेली असते.

पहिल्या चार-पाच दिवसांत डोकं दुखतं, पिंडऱ्या वळतात, अंगात त्राण राहत नाही. बीपीमुळं डॉक्टरांनी मीठ बंद केलं नसेल तर मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक किंवा पायाचं सूप घ्या आणि ते दिवस कापूसवेचणीत किंवा लांबच्या प्रवासात येऊ देऊ नका. पोट साफ होत नाही ही तक्रारही येते, तिला पालेभाजी आणि पाणी.

वहीत पहिल्या दिवसाचं वजन आणि कंबरेचं माप लिहा. आठवड्यात दोन किलो उतरले तरी गावभर सांगू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. साठवलेली साखर वापरली गेली की तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. त्याच पानावर तीन महिन्यांनंतरची तारीख टाका, लिपिड प्रोफाइल पुन्हा करायची. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात बरंच वर जातं, आणि ते आरशात दिसत नाही.