वाळवंटातला हिवाळी मुक्काम: इंजिन सुरू न करता एक दिवस

ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळचे क्वार्ट्झसाइट हे छोटे गाव उन्हाळ्यात जवळजवळ ओस पडते आणि थंडी सुरू झाली की उत्तरेकडच्या राज्यांतून व कॅनडातून आलेल्या आरव्हींनी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाड्यांनी, त्याच्या भोवतालचे वाळवंट भरून जाते. गावाच्या दक्षिणेला ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याचे ला पोसा हे दीर्घ मुक्कामाचे क्षेत्र आहे. तेथे परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात राहता येते, तर आसपासच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर २८ दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस विनाशुल्क मुक्काम करता येतो. इतकी मुभा असूनही नवखे प्रवासी रोज काहीतरी पाहायला निघतात आणि आठवड्याने दमून परततात. माझ्या मते अशा सहलीत चार दिवसांतून एक दिवस तरी इंजिनाला हात न लावता घालवावा. मात्र तो निवांत जावा यासाठी आदल्या संध्याकाळी गाडी नीट विचार करून उभी करावी लागते.

हिवाळ्यातला सूर्य येथे दक्षिणेकडून बुटका मार्ग काढतो. डिसेंबरच्या शेवटी तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर चढतो आणि दिवस पुरता दहा तासांचाही नसतो. म्हणून गाडीचे तोंड पूर्वेला करावे: सकाळचे ऊन समोरच्या काचेतून आत येते आणि अमेरिकी आरव्हींचे दार व बाहेर पसरायचे कापडी छप्पर उजव्या अंगाला असल्यामुळे बसण्याउठण्याची बाजू दिवसभर दक्षिणेच्या उन्हात राहते. यात एक अडचण आहे, ती अशी की उत्तरेचा वारा सुटला तर तो गाडीच्या लांब बाजूवर आदळतो आणि रात्रभर पाळण्यात झोपल्यासारखे होते. जोराच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर ऊन विसरून तोंड वाऱ्याकडेच करावे. जागा निवडताना कोरड्या ओढ्याचे पात्र कितीही सपाट आणि मऊ दिसले तरी तेथे उतरू नये, कारण दूरच्या डोंगरावर झालेल्या पावसाचे पाणी निरभ्र आकाशाखालीही लोंढ्याने येऊ शकते. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर चाकांखाली ठोकळे देऊन गाडी समतल करावी. कललेल्या गाडीत असा फ्रिज नीट थंड होत नाही आणि कालांतराने बिघडतो.

रात्रीचा खरा प्रश्न थंडीचा नसून बॅटरीचा असतो. आरव्हीतला हीटर प्रोपेनवर जळत असला तरी गरम हवा खेळवणारा त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो, ही गोष्ट मला पहिल्याच मुक्कामात पहाटे चार वाजता कळली. बॅटरी उतरल्याने पंखा मंदावला, पुरेशी हवा वाहत नाही असे पाहून सुरक्षेच्या खटक्याने ज्वाला पेटूच दिली नाही, आणि भरलेला गॅस सिलिंडर असताना मी सगळे कपडे चढवून उजाडण्याची वाट पाहत बसलो. तेव्हापासून झोपताना हीटर अगदी कमीवर ठेवतो आणि उबेचा भार जाड रजईवर टाकतो. शिसे-आम्लाची बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली समजावी, आकडा १२.१ च्या आसपास आला म्हणजे निम्मी संपली, आणि त्याखाली ती वारंवार उतरू दिल्यास तिचे आयुष्य घटते. लिथियम बॅटरीचे पथ्य वेगळे आहे: तिचे तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नये. गॅसची शेगडी मात्र खोली तापवण्यासाठी कधीही पेटती ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा सूचक चालू आहे ना, हे निजण्यापूर्वी बटण दाबून पाहावे.

सकाळी लवकर उठण्यात काही हशील नाही. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि वाळू तापायला आणखी तासभर जातो. तोवर आत बसून चहा घ्यावा. त्यानंतर दिवसाचे एकमेव महत्त्वाचे काम करावे, ते म्हणजे सोलर पॅनेल उभे करणे. छतावर आडव्या पसरलेल्या पॅनेलला डिसेंबरमध्ये भर दुपारीही सरळ समोरून येणाऱ्या उन्हाच्या तुलनेत निम्म्याहून थोडीच अधिक ऊर्जा मिळते. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ५५ ते ६० अंशांत उचलले तर जनरेटरची गरज बहुधा पडत नाही. वारा वाढताच ते पुन्हा खाली करावे. येथे सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर पाऊण वाजण्याच्या आसपास, त्यामुळे लॅपटॉप, पंप आणि बाकीची विजेची कामे अकरा ते तीनच्या दरम्यान उरकावीत.

आंघोळही त्याच वेळात करावी, कारण तेव्हा बाहेरची हवा सुखद असते. नळाचे सुरुवातीचे गार पाणी भांड्यात धरून ठेवावे, अंग भिजवून नळ बंद करावा, साबण लावावा आणि मग पुन्हा नळ सोडावा. अशा रीतीने पाच-सहा लिटरांत आंघोळ होते. जेवणाची भांडी आधी कागदाने पुसून घेतली की धुवायला फवाऱ्याच्या बाटलीतले पाणी पुरते. पाणी वाचवण्याचे कारण केवळ स्वच्छ पाण्याची टाकी नाही. बहुतेक गाड्यांत सांडपाण्याची टाकी आधी भरते आणि ती रिकामी करण्यासाठी शेवटी इंजिन सुरू करावेच लागते. पिण्याच्या पाण्यात मात्र काटकसर नको. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, तरी माणशी रोज चार लिटर पाणी हाताशी असावे.

दुपारनंतर पायी फिरावे. कोफा अभयारण्यातील पाम कॅन्यनचे ताड किंवा गावातील हाय जॉलीची समाधी पाहण्याचा मोह येथे अनेकांना होतो. हाय जॉली म्हणजे १८५६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या उंटांबरोबर आलेला हाजी अली. त्याच्या दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट उभा आहे. या दोन्ही गोष्टी उद्यावर ढकलाव्यात. चालताना ओढ्याच्या वाळूतून जावे, घट्ट बसलेल्या काळसर खड्यांच्या फरशीवरून नव्हे. ही फरशी एकदा उखडली की पिढ्यान्‌पिढ्या भरून येत नाही. १९४२ ते १९४४ या काळात येथे सराव केलेल्या रणगाड्यांचे माग अजूनही दिसतात. खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा असू द्यावा. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा नुसत्या निसटत्या स्पर्शाने सुटून पोटरीला चिकटतो, आणि तो बोटांनी ओढायला गेलात तर बोटेही अडकतात. कंगव्याचे दात गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून तो झटक्यात उडवावा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. थंडीत रॅटलस्नेक सहसा बिळात असतात, तरी उबदार दुपारी एखादा बाहेर येतो, म्हणून दगडांच्या सांदीत न पाहता हात घालू नये.

चार वाजेपर्यंत परतावे. कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवणारी वाफ फारशी नसल्याने सूर्य डोंगराआड जाताच गारठा झपाट्याने उतरतो. म्हणून ऊन असतानाच खिडक्या लावाव्यात आणि मावळतीनंतर लगेच जाड पडदे ओढावेत, म्हणजे दिवसभर साठलेली ऊब हीटरशिवाय दोन-तीन तास टिकते. शेकोटीचे लाकूड सोबत आणलेलेच वापरावे. रात्री दहानंतर जनरेटर चालवू नये, हा नियम आहेच. पण वाळवंटात आवाज किती दूर जातो हे एकदा अनुभवले की नियमाची आठवण करून द्यावी लागत नाही.

निजण्यापूर्वी दिवे मालवून दक्षिणेकडे पाहावे. मृग आणि व्याध सहज सापडतात. जानेवारीच्या मध्यात अकरा ते साडेअकराच्या सुमारास व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजाच्या केवळ तीन-चार अंश वर, अगस्त्य लुकलुकतो, आणि समोर टेकडी असेल तर तो दिसतही नाही. मग आत येऊन पाण्याचा पंप बंद करावा, आणि इंजिनाचे झाकण उघडे ठेवून आत एक लहान दिवा लावावा: उबेला येणारे वाळवंटी उंदीर वायरी कुरतडतात, आणि उद्या ते इंजिन सुरू व्हायला हवे आहे.