क्लाउड अ‍ॅप सेवेचं सबस्क्रिप्शन बंद करताय? या चुका टाळा

अ‍ॅप बनवायला घेतलेली क्लाउड सेवा सोडायची ठरली की बहुतेक जण सरळ सेटिंग्जमध्ये शिरून ‘कॅन्सल’चं बटण शोधतात. ते सापडलं की सुटलो असं वाटतं. घोळ कळतो तो पुढच्या महिन्यात कार्डावरून पुन्हा पैसे गेल्यावर, नाहीतर ‘अ‍ॅप उघडत नाहीये’ असे ग्राहकांचे मेसेज यायला लागल्यावर.

मुळात इथे तीन वेगवेगळी प्रकरणं असतात. एक तुमचा प्लॅन. दुसरं त्या खात्यात चालू असलेलं सामान, म्हणजे सर्व्हर, डेटाबेस, स्टोरेज. आणि तिसरं, लोकांच्या फोनवर आधीच बसलेलं तुमचं अ‍ॅप. पहिलं बंद केलं म्हणून दुसरं बंद होईलच असं नाही, आणि तिसऱ्याचा तर कोणी विचारच केलेला नसतो. खालच्या बहुतेक चुका या तिघांची गल्लत झाल्यामुळे होतात.

कार्ड काढून टाकलं, आता कसले पैसे कापतील?

कार्ड काढल्याने फक्त वसुली अडते, बिल चढायचं थांबत नाही. कंपनीच्या लेखी तुम्ही अजून ग्राहकच असता. आधी ‘पेमेंट फेल’च्या मेल येतात, मग खातं गोठवलं जातं आणि शेवटी डेटा पुसला जातो. म्हणजे थकबाकी डोक्यावर आणि बॅकअप हातात नाही, अशी अवस्था.

फोनवरून अ‍ॅप अनइन्स्टॉल करणं किंवा डॅशबोर्डमधलं प्रोजेक्ट डिलीट करणं, यालाही सबस्क्रिप्शन रद्द करणं म्हणत नाहीत. शिवाय पैसे नक्की कोण घेतंय ते आधी बघा. सबस्क्रिप्शन अ‍ॅपलच्या किंवा गुगल प्लेच्या मार्फत घेतलं असेल, तर ते तिथूनच रद्द करावं लागतं. सेवेच्या वेबसाइटवर कितीही शोधलं तरी बटण मिळणार नाही. अ‍ॅपलकडे नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करणं सुरक्षित. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबण्यात काही शहाणपणा नाही, कारण सेवेचा ‘दिवस’ तुमच्या घड्याळाप्रमाणे संपेल याची खात्री नसते.

प्लॅन बंद, मीटर चालू

वापरावर बिल लावणाऱ्या सेवांमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. हिरोकू या सेवेवर डायनो (अ‍ॅप चालवणारे सर्व्हर) शून्यावर आणले की अ‍ॅप थांबतं, पण त्याला जोडलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसचं बिल वेगळं असतं आणि ते चालूच राहतं. अख्खं अ‍ॅप डिलीट केलं तर अ‍ॅड-ऑनही (जोडलेल्या जादा सेवा) जातात, पण त्यांच्यासोबत डेटाबेसही जातो. म्हणून बॅकअप आधी स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या.

एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये ईसीटू, म्हणजे भाड्याने घेतलेला सर्व्हर, ‘स्टॉप’ केला तरी त्याच्या डिस्कचे पैसे लागतात. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर पडतात, मग तो पत्ता वापरात असो वा नसो. रक्कम किरकोळ वाटते, पण महिन्याला साडेतीन डॉलरच्या पुढे जाते आणि असे चार-पाच पत्ते विसरलेले असतात. आरडीएस या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेची तर वेगळीच गंमत: डेटाबेस थांबवून ठेवला तर सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा सुरू होतो. सुटीवर जाताना थांबवलेला डेटाबेस परत येईपर्यंत निवांत चालू असतो.

आणखी एक जागा हमखास नजरेतून सुटते. एडब्ल्यूएस कन्सोलच्या वरच्या पट्टीत उजवीकडे रीजन, म्हणजे सर्व्हर जगात कुठल्या भागात आहे ते, निवडायची सोय आहे. तिथे जो रीजन असेल, बहुतेक सेवांमध्ये त्यातलंच सामान दिसतं. कधीतरी ट्यूटोरियल बघून दुसऱ्याच रीजनमध्ये उभा केलेला सर्व्हर या यादीत येत नाही, आणि यादी रिकामी बघून माणूस निश्चिंत होतो. त्यामुळे यादीवर न जाता बिलाच्या पानावर जा. तिथे सेवा आणि रीजनप्रमाणे फोड असते. कन्सोल काहीही दाखवो, बिलात ओळ आहे म्हणजे काहीतरी चालू आहे.

बजेट अलर्ट लावला आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी: गुगल क्लाउडचा बजेट अलर्ट खर्च कळवतो, थांबवत नाही. गुगलच्याच फायरबेस सेवेच्या ब्लेझ या वापरावर बिल लावणाऱ्या प्लॅनलाही हेच लागू. आणि घाईघाईत प्रोजेक्टपासून बिलिंग खातंच तोडलं, तर सेवा बंद पडतात आणि काही सामान परत न मिळण्यासारखं जाऊ शकतं. तो शेवटचा उपाय समजा.

वर्षाचा किंवा तीन वर्षांचा करार करून सवलतीचा दर घेतला असेल (रिझर्व्ह्ड इन्स्टन्स, सेव्हिंग्ज प्लॅन वगैरे), तर सर्व्हर बंद केल्याने तो करार मोडत नाही. मुदत संपेपर्यंत पैसे द्यावेच लागतात.

रद्द करायचं बटणच दिसत नाही

बहुतेक वेळा कारण साधं असतं: तुम्ही त्या टीमचे ‘मेंबर’ आहात, ‘ओनर’ नाही. बिलिंगचा टॅब ओनरलाच दिसतो. आणि ओनर म्हणजे दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला तो डेव्हलपर, ज्याने आपल्या ऑफिसच्या ईमेलवर खातं उघडलं होतं आणि तो ईमेल आयटीने कधीच बंद केलाय. अशा वेळी डोमेन तुमच्याच ताब्यात असेल, तर तोच ईमेल पत्ता पुन्हा चालू करून पासवर्ड रीसेट करणं हा सपोर्टशी आठवडाभर पत्रव्यवहार करण्यापेक्षा जवळचा रस्ता. दोन टप्प्यांचं लॉगिन त्याच्या फोनवर असेल तर मात्र सपोर्टशिवाय गत्यंतर नाही. जुनी इनव्हॉइस आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे हाताशी ठेवा.

दुसरं कारण: लॉगिन चुकीच्या खात्यातून झालंय. ‘गुगलने साइन इन’ आणि ‘गिटहबने साइन इन’ या दोन बटणांनी एकाच माणसाची दोन खाती तयार झालेली असतात. एकात पैसे जातायत, दुसऱ्यात तुम्ही बटण शोधताय. पावती कोणत्या ईमेलवर येते ते बघितलं की उलगडा होतो.

एक्स्पोर्ट घेतला, पण उघडून पाहिला नाही

डेटा उतरवून घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. उतरवलेला डेटा दुसरीकडे चालतो का, हे मात्र खातं बंद झाल्यावर तपासलं जातं.

नो-कोड, म्हणजे कोड न लिहिता अ‍ॅप बनवू देणाऱ्या, सेवांमध्ये हा प्रश्न जास्त बोचतो. बबलवर बनवलेल्या अ‍ॅपचा डेटा सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) मिळतो, पण अ‍ॅपचा कोड बाहेर काढता येत नाही. सेवा सोडली की अ‍ॅप नव्याने बांधणं आलं. फ्लटरफ्लो कोड डाउनलोड करू देतं, पण ती सोय पैसे भरणाऱ्यांसाठी. आधी फुकट प्लॅनवर उतरायचं आणि मग कोड घ्यायचा, हा क्रम तिथे अंगाशी येतो.

सीएसव्हीमध्येही एक सापळा असतो. फोटोंच्या रकान्यात फोटो नसतात, त्यांच्या लिंक असतात, आणि त्या लिंक जुन्याच सेवेच्या स्टोरेजकडे बोट दाखवतात. आज फाइल उघडून पाहिली तर सगळे फोटो झकास दिसतात. खातं बंद झालं की सगळे गायब. म्हणून फाइल वेगळ्या उतरवा, लिंक बदला, आणि जुन्या सेवेतून लॉगआउट होऊन नवी मांडणी तपासा.

वापरकर्त्यांचे पासवर्ड हा असाच नाजूक भाग. फायरबेस ऑथेंटिकेशनमधून वापरकर्त्यांची यादी काढली की पासवर्डचे हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड कळत नाही अशी सांकेतिक रूपं) मिळतात, पण ते फायरबेसने बदलून घेतलेल्या स्क्रिप्ट (scrypt) पद्धतीचे असतात. ते पडताळायला साइनर की, सॉल्ट सेपरेटर, राउंड्स आणि मेमरी कॉस्ट ही माहिती लागते, आणि ती एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये नसते. ती फायरबेस कन्सोलमध्ये ऑथेंटिकेशनच्या वापरकर्त्यांच्या पानावरून वेगळी टिपून घ्यावी लागते. ती राहिली की हॅश असून नसल्यासारखे, आणि प्रत्येक ग्राहकाला ‘पासवर्ड बदला’ म्हणून मेल धाडायची वेळ येते.

मग राहतात किल्ल्या. अ‍ॅपलच्या पुश नोटिफिकेशनची पी-एट फाइल एकदाच डाउनलोड करता येते. ती तेव्हा थेट क्लाउड सेवेत चढवून टाकली असेल आणि स्वतःकडे ठेवली नसेल, तर नवी बनवावी लागेल. अँड्रॉइडची कीस्टोर, म्हणजे अ‍ॅपवर सही करायच्या किल्लीची फाइल, त्याहून महत्त्वाची. एक्स्पोच्या ईएएससारख्या बिल्ड सेवा (कोडपासून अ‍ॅप तयार करून देणाऱ्या) ती स्वतः तयार करून आपल्याकडे सांभाळतात, त्यामुळे आपल्याकडे ती नाही हे कळतच नाही. खातं बंद करण्याआधी उतरवून घ्या. प्ले अ‍ॅप साइनिंग (अ‍ॅपची मूळ किल्ली गुगलने सांभाळायची सोय) चालू असेल तर हरवलेली अपलोड की गुगलकडून बदलून मिळते. नसेल तर त्याच अ‍ॅपला पुढचं अपडेट देणं अशक्य होतं.

डेटा प्रचंड असेल तर तो बाहेर नेण्याचेही पैसे लागतात. सेवा सोडून जाणाऱ्यांसाठी गुगल क्लाउड, एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युअर या तिघांनी २०२४ च्या पहिल्या तिमाहीत हे शुल्क माफ करायची सोय आणली. पण ती आपोआप लागू होत नाही. डेटा हलवण्याआधी अर्ज करून मंजुरी घ्या.

फोनवर बसलेलं अ‍ॅप

वेबसाइट एका जागी बदलली की सगळ्यांसाठी बदलते. मोबाइल अ‍ॅपचं तसं नाही. तुम्ही नव्या सेवेवर गेलात, नवी आवृत्ती स्टोअरवर टाकली, तरी अपडेट न करणारे लोक असतातच, आणि त्यांच्या फोनमधली जुनी आवृत्ती जुन्याच सर्व्हरचा दरवाजा ठोठावत राहते. फेसबुकने पार्स ही अ‍ॅपचा सर्व्हर सांभाळणारी सेवा गुंडाळायचं जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि प्रत्यक्षात ३० जानेवारी २०१७ ला बंद केली. एवढं वर्षभर दिलं गेलं ते उगाच नाही.

अ‍ॅपमध्ये सेवेचा पत्ता थेट लिहिण्याऐवजी स्वतःच्या डोमेनचा लिहिला असेल, तर तो नव्या सर्व्हरकडे वळवता येतो. तसं नसेल तर आधी पत्ता बदललेली आवृत्ती द्या, जुन्या सर्व्हरचे लॉग बघत राहा, आणि येणारी वर्दळ तुम्हाला सोसेल इतकी घटली की मगच खातं बंद करा. ‘अपडेट करा’ असा सक्तीचा पडदा दाखवायची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर उत्तम. फक्त ती सोय ज्या रिमोट कॉन्फिगवर (अ‍ॅपच्या सेटिंग्ज दुरून बदलायची सोय) चालते तो याच सेवेत नाही ना, हे बघून घ्या. असं खरंच होतं.

पेमेंट गेटवेचे वेबहुकही (त्याने तुमच्या सर्व्हरला आपोआप धाडलेले निरोप) तपासा. गेटवे जुन्या पत्त्यावर ‘पैसे मिळाले’ असं कळवत राहतो, ऐकायला तिथे कोणी नसतं. ग्राहकाचे पैसे गेलेले असतात आणि ऑर्डर कुठेच नोंदलेली नसते.

डीएनएसमधली (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या यंत्रणेतली) नोंद काढायची राहिली तर मामला सुरक्षेचा होतो. तुमचं सबडोमेन अजून त्या सेवेकडे वळवलेलं आहे आणि तिथली जागा रिकामी झालीय. काही सेवांवर दुसरा कोणी तीच जागा घेऊन तुमच्या नावाने पान चालवू शकतो. त्यामुळे आधी डीएनएसची नोंद काढा, मग सेवा.

रद्द केल्यावरही बिल आलं

आधी इनव्हॉइसवरचा कालावधी वाचा. वापरावर बिल लावणाऱ्या सेवा महिना संपल्यावर बिल करतात, त्यामुळे रद्द केल्यानंतर येणारं एक बिल बहुधा मागच्या वापराचं असतं. कालावधी रद्द केल्यानंतरचा असेल तर रद्द झाल्याची मेल जोडून सपोर्टला लिहा. बँकेकडे थेट तक्रार करून पैसे परत मागवायची घाई नको. बऱ्याच कंपन्या त्यावर खातं लगेच गोठवतात आणि मग आतलं काहीच हाती लागत नाही.

चुकून बंद झालं असेल तर वेळ मोजकाच असतो. बंद केलेलं एडब्ल्यूएस खातं ९० दिवसांत पुन्हा उघडून मागता येतं, गुगल क्लाउडचं प्रोजेक्ट ३० दिवसांत परत आणता येतं. मात्र एडब्ल्यूएसवर बंद केलेल्या खात्याचा ईमेल नव्या खात्याला वापरता येत नाही. पुढे परत यायचा विचार असेल तर बंद करण्याआधी तो बदलून ठेवा, आणि हिशेबाला लागणारी जुनी इनव्हॉइसही तेव्हाच उतरवून घ्या.

शेवटी गिटहबमध्ये (जिथे कोड ठेवला जातो) सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन्स’च्या पानावर जा. सोडलेल्या सेवेला दिलेली परवानगी तिथे बहुधा तशीच असते, खाजगी रेपॉझिटरी (कोडचे साठे) वाचण्याच्या हक्कासकट. ‘इन्स्टॉल्ड गिटहब अ‍ॅप्स’ आणि ‘ऑथोराइज्ड ओऑथ अ‍ॅप्स’ हे दोन्ही टॅब बघा. एकातून काढलं तरी दुसऱ्यात नाव राहू शकतं.