समूहगानात नवे असाल तर आधी ऐकायला शिका

पहिल्या तालमीला मी आवाज दाखवायला गेले होते. सूर पक्का होता, ओळ पाठ होती. तरीही सरांनी गाणं थांबवून विचारलं, "शेजारणीचा आवाज ऐकू येतोय का तुला?" येत नव्हता. "मग तू फार मोठ्यानं गातेयस." विद्यार्थ्यांच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, नव्यानं येणाऱ्यांना मी हे सगळ्यात आधी सांगते.

सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच) आणि बास (पुरुषांचा खालचा) असे चार आवाज असतात. मुख्य चाल बहुतेकदा सोप्रानोकडे जाते. मी आल्टोत होते, आणि आमची ओळ एकटी म्हटली तर कोणतं गाणं चाललंय हेही कळायचं नाही. घरी ती पाठ करायची आणि तालमीत सोप्रानो सुरू झाल्या की त्यांच्यामागे वाहत जायचं, असं बरेच आठवडे चाललं. शेवटी उपाय सापडला तो असा: दुसऱ्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावायचं आणि त्यावर आपली ओळ गायची. एकट्यानं पाठ केलेली ओळ चौघांत टिकत नाही.

श्वासाचंही तसंच. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं. म्हणून आळीपाळीनं घ्यायचा: शेजारी घेत नसेल तेव्हा, जमल्यास स्वर लांबलेला असताना, आणि परत येताना अगदी हळू शिरायचं. साथीशिवाय गाताना सूर नकळत उतरतो, विशेषतः थकल्यावर. गाणं संपल्यावर नादकाट्याचा (ठरावीक सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्याचा) ४४० हर्ट्झचा 'ए' हा पाश्चात्त्य स्वर वाजवून आपण कुठे पोचलो ते ताडून पाहायची सवय लावा. सुरुवातीला फार वाईट वाटतं, पण कान तयार होतो.

आता श्रोत्यांबद्दल, कारण याकडे आम्ही फार उशिरा वळलो. दुसऱ्या वर्षी आमच्या कार्यक्रमाला जवळजवळ फक्त घरचीच माणसं आली. जाहिरात कमी पडली असं आम्ही धरून चाललो. खरं तर आम्ही लोकांना फक्त कार्यक्रमाच्या दिवशी भेटत होतो. मग एक तालीम सगळ्यांसाठी खुली ठेवली. आधी फक्त आल्टो गायलो, मग बास आले, मग चौघे. एका आजींनी विचारलं, "म्हणजे तुमच्यामुळे त्याला रंग चढतो होय?" माझी ओळ कुणी वेगळी ऐकल्याची ती पहिलीच वेळ!

त्यानंतर ज्यांनी पत्ते दिले त्यांना आम्ही दर महिन्याला चार ओळी लिहू लागलो. "तालीम छान झाली" असं लिहून काही उपयोग नाही. कुठली जागा अडते आहे, आज कशामुळे सुटली, ते लिहा. पहिल्याच पत्रात देणगी मागू नका. श्रोत्यांची यादी पुढच्या तुकडीकडे नीट सोपवा. शिक्षण संपलं की गाणारे जातात, आणि तुमच्या आधीची तुकडी ज्यांनी ऐकलेली असते ते श्रोते मात्र तिथेच असतात.

माझ्या शेवटच्या कार्यक्रमानंतर त्याच आजी भेटल्या. गाणं कसं झालं हे बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात तुम्ही श्वास कुठे घेतलात, मला सापडलं नाही गं."