वरचे अन्न सुरू झाल्यावर बाळाचे पोट सतत बिघडत असेल तर

बाळाला वरचे अन्न सुरू केले की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या शीचा रंग, वास आणि घट्टपणा बदलतोच. या बदलाला पोट बिघडणे म्हणत नाहीत. सहा महिने केवळ दुधाची सवय असलेल्या आतड्याला आता पिष्टमय पदार्थ, तंतुमय पदार्थ आणि निरनिराळी प्रथिने पचवायची असतात. पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर या वयात स्वादुपिंडात मोठ्या माणसांच्या मानाने कमीच तयार होत असते आणि दात नसल्याने चावणेही जेमतेमच होते. त्यामुळे लंगोटात गाजराचे कण आणि वाटाण्याची साले जशीच्या तशी दिसतात. केळे खाल्ल्यावर शीत काळे बारीक धागे दिसतात, ते जंत नसतात. बीटाने शी लालसर होते आणि लोहाच्या थेंबांनी काळपट हिरवी. यांपैकी कशावरही उपाय करायचा नसतो. या लेखात विचार केला आहे तो यापुढच्या त्रासाचा, म्हणजे आठवड्यांमागून आठवडे चालणारी बद्धकोष्ठता, पातळ शी, फुगलेले पोट आणि उलट्या यांचा.

कोणताही घरगुती उपाय करण्याआधी काही लक्षणे नाहीत ना, हे पाहिले पाहिजे. पित्तासारखी हिरवी उलटी, शीत बारीक रेघेहून अधिक रक्त, टणक होऊन फुगलेले पोट, सहा ते आठ तासांत शू न होणे, टाळू किंवा डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, किंवा हाक मारूनही बाळ मरगळलेलेच राहणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. एक प्रकार विशेष लक्षात ठेवावा. बाळ दर थोड्या वेळाने पाय पोटाशी ओढून किंचाळते, मध्ये काही मिनिटे शांत पडते, पुन्हा तेच होते आणि मागाहून लाल जेलीसारखी शी होते. आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात सरकल्याचे हे लक्षण असू शकते आणि हा विकार पहिल्या वर्षाच्या मध्यावरच अधिक आढळतो. येथे तासांचाही उशीर महागात पडतो.

असे काही नसेल तर पुढचा प्रश्न वजनाचा. बाळाचे वजन वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने वर जात असेल, ते खेळत असेल आणि त्याची झोप बरी असेल, तर त्रास कितीही कंटाळवाणा असला तरी तो गंभीर असण्याची शक्यता कमी असते. वजन थांबले किंवा घटले असेल, तर शी कशी का होईना, डॉक्टरांकडे जावे.

आता सर्वांत उपयोगी साधनाकडे येते, ते म्हणजे साधी वही. सात ते दहा दिवस प्रत्येक खाणे, प्रत्येक दूध, प्रत्येक शी आणि प्रत्येक उलटी वेळेसह लिहून ठेवावी. माझ्या मुलीची शी सातव्या महिन्यात खड्यांसारखी होऊ लागली आणि एके दिवशी तिच्यावर रक्ताची बारीक रेघ दिसली, तेव्हा मी घाबरून आधी केळे बंद केले, मग भात, मग बटाटा. फरक पडला नाही. उलट तिला द्यायला फारसे काही उरेना. शेवटी लिहायला बसले. एका पानावर असे होते: ‘सकाळी ८, ओट्स ४ चमचे. ९, दूध, अर्धेच प्यायली. दुपारी १२, भाजी अर्धी वाटी. १, दूध नको म्हणून तोंड फिरवले.’ नऊ दिवसांची पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले की दूध दिवसातून सहा वेळांवरून तीन वेळांवर आले होते. दोष पदार्थांचा नव्हताच. मी दुधाच्या आधी अन्न देत होते आणि तिचे पोट आधीच भरत होते. रक्ताची रेघ कठीण शीमुळे पडलेल्या चिरेची होती, हे डॉक्टरांनी तपासून सांगितले. म्हणून आग्रहाने सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती बदलण्यापूर्वी लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या की बरे वाटले तरी कशाने वाटले ते कळत नाही, आणि निष्पाप पदार्थ महिनोन् महिने ताटाबाहेर राहतात.

बद्धकोष्ठता

प्रथम तिची खात्री करावी. नऊ महिन्यांखालील काही बाळे शी होण्यापूर्वी दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ कुंथतात, लालबुंद होतात, रडतात, पण अखेर होणारी शी मऊ असते. ही बद्धकोष्ठता नव्हे. पोटाने जोर देणे आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडणे हा मेळ बाळाला अजून साधलेला नसतो. तो काही आठवड्यांत आपोआप साधतो आणि त्याला औषध लागत नाही. अशा वेळी गुदद्वाराशी कापूस, थर्मामीटर किंवा साबणाची वडी लावून शी ‘काढणे’ कटाक्षाने टाळावे, कारण त्याने नाजूक त्वचेला इजा होते आणि बाळाला त्या उत्तेजनाचीच सवय लागते. खरी बद्धकोष्ठता शी किती दिवसांनी झाली यावरून ठरवण्यापेक्षा शी कशी झाली यावरून ओळखावी. गोळ्यांसारखी किंवा फार जाड आणि कोरडी शी होणे, ती होताना वेदना होणे, आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी वेळा होणे, आणि हे महिनाभर चालू राहणे ही तिची चिन्हे होत.

वरचे अन्न सुरू झाल्यावर ती होण्याचे सर्वांत सामान्य कारण वर सांगितलेलेच, म्हणजे दूध आणि पर्यायाने पाणी कमी पडणे. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरीच हव्या असतात; बाकीचे सारे दुधातून येते. त्यामुळे या काळात आधी दूध आणि त्यानंतर अर्ध्या-एक तासाने अन्न असा क्रम ठेवावा, आणि जेवणाच्या वेळा दोन-तीनच असाव्यात. जेवणासोबत कपाने पाण्याचे घोट द्यावेत. सहा ते बारा महिन्यांत दिवसभरात १२० ते २४० मिलिलिटर पुरते, त्याहून जास्त दिले तर दुधाची भूक मरते. डब्यातले दूध देत असल्यास चमचा सपाट भरला जातो का आणि पाणी आधी मोजले जाते का, हे एकदा स्वतः उभे राहून पाहावे, कारण घट्ट कालवलेल्या दुधानेही शी कडक होते. साधे गाईचे दूध मुख्य पेय म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये.

पदार्थांपैकी पेअर, पीच आणि सुके आलुबुखार यांच्यात सॉर्बिटॉल ही आतड्यात पाणी ओढून धरणारी शर्करा असते, म्हणून यांचा गर दिवसातून एक-दोनदा दोन-तीन चमचे द्यावा. केवळ तांदळाच्या पिठाचे खाणे चालू असेल तर त्यातले एक जेवण ओट्सचे करावे, आणि डाळी व भाज्या मऊ शिजवून, न गाळता द्याव्यात. मांड्या हळुवार पोटाशी नेऊन सायकल चालवल्यासारखे पाय हलवणे आणि कोमट पाण्याची अंघोळ यांनी बाळाला सैल व्हायला मदत होते. हे दोन आठवडे नेटाने करूनही फरक नसेल तर डॉक्टर लॅक्टुलोजसारखे शी मऊ करणारे औषध देतात. ते सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावे. पहिली मऊ शी झाली की औषध बंद करण्याचा मोह होतो, पण चिरेची वेदना बाळाच्या लक्षात राहते, ते शी रोखून धरते, रोखलेली शी आणखी कडक होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मोठ्यांचे रेचक कधीही देऊ नये. मध तर वर्षाच्या आत एक थेंबही नको. त्यात असू शकणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, आणि बद्धकोष्ठता हेच बहुधा त्याचे पहिले लक्षण असते. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झालेली नसेल आणि तेव्हापासूनच त्रास असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

पातळ शी

दात येत असल्याने जुलाब होतात, असे मानून थांबणे मला धोक्याचे वाटते. दात येण्याने खरे जुलाब होत नाहीत; हाताला लागेल ते तोंडात घालण्याने मात्र होतात. म्हणून आधी स्वच्छता तपासावी. अन्न शिजवल्यावर दोन तासांच्या आत भरवले जाते का, बाळाने उष्टे ठेवलेले पुढच्या वेळी दिले जाते का, बाटलीच्या बुचाच्या कडेत दुधाचा थर उरतो का, हे पाहावे. त्यानंतर वहीत फळांचा रस शोधावा. रसातली साखर न शोषली जाता आतड्यात पाणी ओढते. वर्षाच्या आत रस द्यायचाच नसतो, आणि तो बंद केला की अनेकदा आठवड्यात फरक दिसतो. नुकतेच प्रतिजैविक औषध झाले असेल तर त्यानेही शी काही दिवस पातळ राहते.

जुलाब चालू असताना खरा धोका पाणी कमी होण्याचा असतो. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस चमच्या-चमच्याने द्यावे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश द्यावे, आणि पाकिटावर लिहिलेले पाण्याचे माप काटेकोरपणे पाळावे. स्तनपान आणि नेहमीचे खाणे थांबवू नये. उपाशी ठेवल्याने आतडे उशिरा भरून येते. सहा महिन्यांवरील बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक दिले जाते. जुलाब रोखणारी मोठ्यांची औषधे बाळाच्या जिवावर बेतू शकतात. चौदा दिवस होऊनही शी पातळच असेल तर तपासणी करून घ्यावी. जंतुसंसर्गानंतर आतड्याच्या अस्तराला इजा झाल्याने दूध काही काळ पचत नाही, असेही घडते, पण ते तात्पुरते असते. त्यावरून बाळाला दूध कायमचे वर्ज्य ठरवू नये.

गॅसबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डाळी आणि कोबीवर्गीय भाज्या थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवल्या की आतडे जुळवून घेते. दूध ओकणे बहुतेक बाळांत वर्ष-दीड वर्षापर्यंत आपोआप थांबते. पोटाची क्षमता वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाची साधारण २४० ग्रॅम असते. वाटीत उरलेले दोन घास बळेच भरवल्यावर होणारी उलटी हा आजार नसतो.

पदार्थच दोषी असेल तर

नवा पदार्थ तीन ते पाच दिवसांच्या अंतराने एकेक सुरू केला असेल तर संशय घेणे सोपे जाते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा श्वासाला त्रास होणे ही तत्काळ येणारी प्रतिक्रिया सगळ्यांना माहीत असते, पण दुसरा एक प्रकार ओळखू येत नाही. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होतात, बाळ पांढरे फटक आणि मलूल पडते आणि मागाहून जुलाब होतात. हे तांदूळ, ओट्स, दूध, सोया किंवा अंडे यांमुळेही होऊ शकते आणि पहिल्या वेळी ते हमखास जंतुसंसर्ग समजले जाते. तोच पदार्थ आणि तेच अंतर दुसऱ्यांदा वहीत आले, तर तो पदार्थ घरी तिसऱ्यांदा देऊन पाहू नये. शीत शेंब किंवा रक्त, अंगावर इसबासारखे चट्टे आणि सतत उलट्या एकत्र असतील तर दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा विचार होतो. तेव्हा डॉक्टर दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करून, मग पुन्हा देऊन खात्री करतात.

गव्हाच्या बाबतीत मात्र याच्या अगदी विरुद्ध काळजी घ्यावी लागते. गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार ही धान्ये सुरू झाल्यावर काही महिन्यांनी दिसू लागतो. पोट पुढे येते, हातपाय बारीक होतात, शी भरपूर आणि दुर्गंधीयुक्त होते, बाळ चिडचिडे बनते. त्याची रक्ततपासणी बाळाच्या खाण्यात ग्लुटेन असेपर्यंतच विश्वसनीय असते, म्हणून रक्त देण्याआधी गहू बंद करू नये. भीतीपोटी अंडे किंवा शेंगदाण्याची पूड लांबणीवर टाकल्यानेही ॲलर्जी टळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही, वजनाच्या नोंदी, चालू असलेल्या सर्व थेंबांची आणि काढ्यांची नावे आणि शीची दोन-तीन छायाचित्रे न्यावीत. जो पदार्थ केवळ संशयावरून बंद केला होता आणि ज्याने वर सांगितलेल्यांपैकी कोणतीही तीव्र प्रतिक्रिया दिली नव्हती, तो पुन्हा सुरू करताना बाळ बरे असेल असा दिवस निवडावा. सकाळच्या खाण्यात एकच चमचा द्यावा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, आणि त्या तीन दिवसांत दुसरे काहीही नवे देऊ नये.