कोलोराडोला जायचंय? मे महिन्याची सुट्टी विसरा, आधी तारीख आणि उंची धरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आता घरटी नाही तरी गल्लीटी एक तरी पोरगं अमेरिकेत आहे, आणि न्यूयॉर्क-नायगारा बघून झालं की पुढचं नाव कोलोराडो या डोंगराळ राज्याचं निघतंय. प्लॅन मात्र लोक शहराचा करावा तसा करतात, सकाळी हे बघू दुपारी ते बघू. डोंगरात तसं चालत नाही ओ. तिथं दोनच गोष्टी आधी ठरवायच्या, कुठल्या महिन्यात जायचं आणि कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं. बाकीचं त्यावरनं ठरतंय.

महिन्याचं पहिलं बघू, कारण चूक इथंच होते. आपल्याकडच्या शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी, म्हणून सगळे मेची तिकिटं काढतात. पण त्या वेळी तिथं वरचे रस्ते बर्फानं बंद असतात. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला ट्रेल रिज रोड, जो १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब जायचं, तो साधारण मे संपता संपता उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतो. म्हणजे आपली शाळा सुरू व्हायची वेळ आणि त्यांचा रस्ता उघडायची वेळ एकच. जुलै-ऑगस्टला सगळं उघडं असतंय, पण गर्दी तुफान, आणि दुपारी ढग जमून विजा पडतात. झाडंसुद्धा नसतात एवढ्या उंचीवर तुम्ही उघड्या माळावर, तेव्हा वर जायचं असेल तर पहाटे निघून दुपारी बाराच्या आत खाली यायचंच. मला विचाराल तर गणपती विसर्जन आटोपून निघा, किंवा दसऱ्याची सुट्टी सप्टेंबरअखेरीला आली त्या वर्षी पोरांना घेऊन जा. त्या दिवसांत अस्पेनची झाडं पिवळीधमक होतात, आणि नॅशनल पार्कला लागून असलेल्या एस्टेस पार्क गावाजवळ एल्कचे नर, हे मोठमोठी शिंगं असलेलं सांबरासारखं जनावर, संध्याकाळी शीळ घातल्यासारखे ओरडत असतात. फक्त एखाद्या दिवशी बर्फ पडू शकतंय, तेवढी तयारी ठेवा.

आता उंची. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, विमान उतरतं ते डेन्व्हर शहर ५,२८० वर, एस्टेस पार्क साडेसात हजारांवर आणि ट्रेल रिज बारा हजारांच्या वर. विमानातनं उतरून दुसऱ्याच दिवशी वर गेलात तर डोकं ठणकणार, मळमळणार, रात्री झोप येणार नाही, आणि लोक म्हणणार जेट लॅग आहे. ते उंचीचं असतंय. म्हणून पहिल्या एक-दोन रात्री डेन्व्हर, मग दोन रात्री कोलोराडो स्प्रिंग्ज (सहा हजार फूट, तिथली लाल दगडांची गार्डन ऑफ द गॉड्स बाग फुकट आहे), आणि मग एस्टेस पार्क. पाइक्स पीक १४,११५ फुटांवर आहे, मॅनिटू स्प्रिंग्जमधनं दातेरी रुळांची रेल्वे थेट माथ्यावर नेते, पण ती कोलोराडो स्प्रिंग्जमधल्या शेवटच्या दिवशी ठेवा. पाणी भरपूर प्या, पहिले दोन दिवस बिअर नको. बरोबर आई-बाबा असतील, कुणाला बीपी, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा, नुसतं "अमेरिकेला चाललोय" म्हणून उपयोग नाही. आणि डोकं दुखायचं वाढतच गेलं, चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागायला लागली तर गोळी घेऊन थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं.

जेवण घरीच करणार असाल तर ऐका, त्या उंचीवर पाणी लवकर उकळतंय म्हणजे कमी तापमानाला, एस्टेस पार्कात साधारण ९२ डिग्रीलाच, त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर बॅगेत टाका, वहिनी दुवा देतील.

पार्कचं बुकिंग. गेली काही वर्षं रॉकी माउंटनमध्ये मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत नुसती फी भरून दिवसभरात केव्हाही आत सोडत नाहीत, वेळेचा स्लॉट लागतो, रिक्रिएशन डॉट गव्ह वर. पुढच्या महिन्याचे स्लॉट एक तारखेला तिथल्या सकाळी आठला उघडतात, म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला, तेव्हा टीव्हीवरची मालिका सोडून फोन घेऊन बसा. पार्कमधल्या बेअर लेककडं जायचं असेल तर त्याचा स्लॉट वेगळा, तो घेतला नाही तर फाटकावरनं परत पाठवतात. ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचा नियम पार्कच्या साइटवर बघूनच घ्या. आणि २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या लोकांना ११ मोठ्या पार्कांत नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा लावलेत, त्यात रॉकी माउंटन आहे. बाहेरच्यांसाठी वर्षाचा पास २५० डॉलरचा, तीन-चार मोठी माणसं एका गाडीत असाल तर पासच परवडतोय. ग्रेट सँड ड्यून्स, मेसा वर्दे, ब्लॅक कॅन्यन ही कोलोराडोतलीच बाकीची तीन पार्कं त्या अकरांत नाहीत.

मेसा वर्दे म्हणजे कड्याच्या कपारीत बांधलेली जुनी दगडी घरं, आणि त्याच बाजूला ड्युरँगो-सिल्व्हरटनची १८८२ सालची नॅरोगेज रेल्वे. दोन्ही भारी, पण डेन्व्हरहून ड्युरँगोला गाडीनं सहा-सात तास लागतात, तेव्हा आठवड्याच्या ट्रिपमध्ये ते कोंबू नका.

गाडी भाड्यानंच घ्यावी लागेल. बेळगावच्या आरटीओत इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, वर्षभर चालतंय, मूळ लायसन्सही बरोबर पाहिजेच. चोर्ला घाटात पावसात गाडी मारलेल्या माणसाला वळणांचं काही वाटणार नाही, फक्त तिथं सगळं उजवीकडनं, आणि ड्युरँगोकडच्या युरे-सिल्व्हरटन रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. एअरपोर्टवरनं निघताना मॅप ई-४७० या टोलच्या रस्त्यावर घालतो, त्याला टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल नंतर भाड्याच्या कंपनीकडनं सर्व्हिस चार्ज लावून येतंय. नको असेल तर मॅपमध्ये टोल बंद करा. डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेवर शनिवारी सकाळी डोंगराकडं आणि रविवारी दुपारी डेन्व्हरकडं जाऊ नका, तास तास जातात. १ सप्टेंबर ते ३१ मे त्याच्या डोंगरातल्या टप्प्यात बर्फात चालणारे टायर, फोर-व्हील ड्राइव्ह किंवा साखळ्या यातलं एक तरी लागतंय, गाडी घेताना विचारून घ्या. डोंगरात रेंज जाते, मॅप आधी डाउनलोड करा.

व्हिसा सगळ्यात आधी. फिरायला जाणाऱ्यांचा तो बी-वन बी-टू, अर्जाची फी १८५ डॉलर. पत्ता कर्नाटकचा असला तरी मुंबईचा स्लॉट घेता येतो, रात्रीची स्लीपर बस पकडली की झालं, पण बोटांचे ठसे एका दिवशी आणि बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतला इंटरव्ह्यू दुसऱ्या, तेव्हा मुंबईत मुक्काम धरा. मोबाइल आत नेता येत नाही. पासपोर्टवर बेलगाम आणि आधारवर बेळगावी असं बऱ्याच जणांचं असतंय, २०१४ ला नाव बदललं त्यामुळं, फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच भरा. शेतीचा उतारा कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर जोडून ठेवा. विमान थेट नाही, फ्रँकफर्ट, लंडन अशा ठिकाणी बदलावं लागतंय. सांबरा विमानतळावरनं मुंबईचं तिकीट वेगळं काढणार असाल तर आदल्या दिवशीचं काढा.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. कुंदा न्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण तो दुधाचा. कस्टमला खायचं जे काय असेल ते डिक्लेअर करा, काढून घेतलं तर हसून द्या, लपवलं तर दंड होतो. चटणी, भडंग यांचं तेवढं टेन्शन नसतं, तरी सांगा. आणि तिथं गांजा दुकानात उघड मिळतो, गोळ्या-बिस्किटांच्या रूपातसुद्धा, राज्याच्या कायद्यानं चालतं पण केंद्राच्या कायद्यानं गुन्हाच आहे आणि व्हिसावाल्याला त्याचा त्रास होऊ शकतो. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधीच सांगून ठेवा, की त्या दुकानातलं चॉकलेट घ्यायचं नाही.