इश्यूचा पूर्ण इतिहास हवाय? ‘इव्हेंट्स’ नको, ‘टाइमलाइन’ मागवा

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरचा इश्यू (चुकीची किंवा कामाची नोंद) कोणी बंद केला, लेबल कधी काढलं, काम कुणाच्या गळ्यात पडलं हे गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या सोयीतून) काढायचं तर बरेच जण इश्यूच्या पत्त्यापुढे ‘इव्हेंट्स’ जोडून मोकळे होतात. त्यात कॉमेंट्स येतच नाहीत. त्याऐवजी ‘टाइमलाइन’ जोडा. कॉमेंट्स आणि इतर इश्यूंमधले उल्लेखही सोबत मिळतात.

खरी फसगत पानांची. एका वेळी ३० नोंदीच येतात. ‘पर पेज’ची किंमत १०० करा, त्याहून जास्त चालत नाही. मग उत्तराच्या ‘लिंक’ हेडरमध्ये (उत्तरासोबत येणाऱ्या जोडमाहितीत) ‘नेक्स्ट’ आहे तोवर पुढचं पान मागत राहा. पान क्रमांक स्वतः मोजत बसू नका. मी बसलो होतो, आणि जुन्या इश्यूचा शेवटचा महिनाच गायब!

नोंदी तारखेने लावताना सगळीकडे ‘क्रिएटेड ॲट’ असेलच असं धरू नका. पुल रिक्वेस्टमधल्या (कोडमधला बदल सामावून घ्या, या विनंतीतल्या) कमिटची, म्हणजे जतन केलेल्या बदलाची, तारीख ‘ऑथर’ किंवा ‘कमिटर’च्या आत असते, तर रिव्ह्यूची ‘सबमिटेड ॲट’मध्ये. वेळा यूटीसीमधल्या (जागतिक प्रमाणवेळेतल्या) असतात, हेही लक्षात असू द्या.

टोकन (ओळख पटवणारी किल्ली) जरूर लावा. त्याशिवाय तासाला ६० विनंत्या, त्याच्यासह साधारण ५०००.

कॉमेंट नंतर बदलली असेल तर टाइमलाइनमध्ये फक्त आताचा मजकूर दिसतो. आधीच्या आवृत्त्या हव्या असतील तर ग्राफक्यूएल या गिटहबच्या दुसऱ्या एपीआयकडे वळावं लागतं.