कोड फुकट, मग गाणं का वाजेना?

२०१२ साली मी जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कापसाच्या पैशातून घेतलेल्या जुन्या डेस्कटॉपवर मी हौसेनं विंडोजऐवजी फेडोरा ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. पारोळ्याचा मावसभाऊ पेनड्राइव्हवर लग्नाची अहिराणी गाणी घेऊन आला, तर एकही वाजेना. तो म्हणाला, "हाऊ तुना कम्प्युटर मुका शे का रे?"

मला वाटलं, साउंड कार्डच गेलं. रात्रभर ड्रायव्हर उकरत बसलो. खरं कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. एमपी३ वाजवणारा कोड मुक्त होता, म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा, पण ती पद्धत अमेरिकेत पेटंटखाली होती, म्हणून फेडोरावाले तो कोड सोबत देत नव्हते. सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या भांडारातून तो वेगळा घ्यावा लागे. २०१६च्या अखेरीपर्यंत हेच चालायचं. २०१७ मध्ये तर एमपी३ची परवानावसुलीच थांबली.

नवीन मुलं कॉपीराइट आणि पेटंट एकच समजतात. मी त्यांना भरताचं उदाहरण देतो. माझ्या आईनं वहीत लिहिलेली कृती जशीच्या तशी छापली, तर तो कॉपीराइटचा भंग. पण पऱ्हाट्यांवर वांगी भाजण्याच्या पद्धतीचंच पेटंट कुणी घेतलं, तर वही न बघता स्वतःच्या खळ्यात भाजणाराही अडकतो. तेही पेटंटची मुदत संपेपर्यंत, वीस वर्षं! एकट्यानं फावल्या वेळात कोड लिहिणाऱ्याचं घोडं इथंच अडतं. त्यानं ओळन् ओळ स्वतः लिहिली असली तरी उपयोग नाही.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. २००४च्या अखेरीस अध्यादेशानं ते सैल केलं होतं, २००५ मध्ये संसदेनं तो बदल वगळला. पण 'निव्वळ' या शब्दावरच वकिलांची चूल पेटते. शिवाय तुमचं सॉफ्टवेअर अमेरिकेत वापरलं गेलं की तिथला कायदा लागतोच.

माझी खरी फजिती पुण्यातल्या पहिल्या नोकरीत झाली. चौदा पानांच्या करारावर मी चहा गार व्हायच्या आत सह्या केल्या. पुढं घरी, रात्री जागून केलेली एक दुरुस्ती अपाची २.० नावाच्या मुक्त परवान्याखालच्या प्रकल्पाला पाठवायची होती. मॅनेजर म्हणाले, "थांब, हे कंपनीचं आहे." करारात नववं पान तेच सांगत होतं.

कायदा विभागाला अडचण वेगळीच होती. त्या परवान्यात कोड देणारा, त्या कोडपुरता, आपल्या पेटंटचा हक्कही सगळ्यांना देऊन टाकतो. त्या कोडवरून पेटंटचा दावा लावणाऱ्याला मिळालेला असा हक्क संपतो. वापरणाऱ्याला हे कवच, कंपनीला मात्र धास्ती. एमआयटी या दुसऱ्या मुक्त परवान्यात पेटंटचा शब्दच नाही. छोटा म्हणून सगळे तोच उचलतात, मीही उचलायचो. आता नवा प्रकल्प असेल तर अपाची किंवा पेटंटचा हक्क देणारा तसाच दुसरा परवाना, जीपीएल ३, घेतो.

परवानगीला सहा आठवडे लागले. तोवर ती चूक दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त केली होती.

पुढच्या नोकरीत सही करण्याआधी मी माझ्या तीन मुक्त प्रकल्पांची नावं कागदावर लिहून दिली आणि म्हटलं, एवढं वगळा. एचआरच्या ताईंनी मान वरही न करता तो कागद कराराला स्टेपल केला.